दोन वळणांचा गड

चार दरवाज्यात पहारेकरी भाला आडवा धरतो. "कुठं निघालासा एवढ्या पहाटंचं?"

"दफ्तरात. उमेदवारीला."

तो तुमच्या बोटांकडे बघतो. शाईचा एक डाग नाही. "नवं बेणं दिसतंय," म्हणत तो भाला बाजूला घेतो आणि तुम्ही आत शिरता. हा दरवाजा नीट पाहून घ्या. १८४४ च्या गडकऱ्यांच्या बंडानंतर इंग्रज तो पाडणार आहेत, आणि तुमच्या काळात त्याच्या उरल्यासुरल्या दगडांशेजारून सहलीच्या गाड्या वर येणार आहेत.

आज मात्र शके १६३७ चा मार्गशीर्ष आहे, म्हणजे १७१५ चा नोव्हेंबर. धुकं इतकं दाट की अंबारखान्याची भिंत हाताला लागेपर्यंत दिसत नाही. खाली वीसेक किलोमीटरवरचं कोल्हापूर म्हणजे अंबाबाईचं देऊळ आणि त्याच्या भोवतीची वस्ती. गादी, दफ्तर, शिक्का सगळं इथं पन्हाळ्यावर. गादीवर संभाजी महाराज, राजारामांचे राजसबाईंपासूनचे पुत्र, वय सतराच्या घरात. नाव चुलत्याचं. कारभार रामचंद्रपंत अमात्यांच्या हाती. १६७४ च्या राज्याभिषेकात हे अष्टप्रधानांत होते. राजाराम महाराज जिंजीला असताना इकडचं राज्य ज्यांनी सावरून धरलं, 'हुकूमतपनाह' हा किताब ज्यांना मिळाला, ते हेच. आता म्हातारे झालेत.

दफ्तराची खोली बैठी आहे. जाजम, भिंतीशी रुमालांच्या थप्प्या, प्रत्येक रुमालात कागदांचे गठ्ठे गच्च बांधलेले. कोपऱ्यात एक जुना कारकून बसलाय. तो तुम्हाला नाव विचारत नाही. बोरूची काडी आणि सुरी पुढं सरकवतो.

"आज लिहायचं नाही. कापायचं."

काडी तिरकी तासायची, टोकाला मधोमध चीर द्यायची, मग टोक तिरपं छाटायचं. सोपं वाटतं. चीर आखूड झाली तर शाई उतरत नाही, लांब झाली तर टोक फाकतं आणि एका रेघेच्या दोन रेघा होतात. तुमच्या पुढ्यात फुकट गेलेल्या काड्यांचा ढीग वाढत जातो. शाई काजळ आणि डिंक यांची, खलून खलून मऊ केलेली. कागदाला खळ देऊन तो गुळगुळीत दगडानं घोटलेला. बोट फिरवलं तर काचेसारखा. घोटला नाही तर शाई फुटते आणि अक्षराला पाय फुटतात.

दुपारी एकदाचा बोरू जमतो. कारकून एका कागदाला डावीकडे घडी मारून समास पाडतो आणि पहिला धडा देतो: आधी रेघ. बाळबोधीत तुम्ही अक्षर काढता आणि त्याच्या डोक्यावर रेघ देता. मोडीत उलटं. या कडेपासून त्या कडेपर्यंत रेघ आधी ओढायची आणि मग अक्षरं तिला खालून टांगत जायचं. हात उचलायचा तो शाई घ्यायलाच. क मधून र निघतो, र मधून पुढची वेलांटी, वेलांटीतून पुढचं अक्षर. दोन शब्दांत जागा नाही, पूर्णविराम नाही. ओळ संपली की शब्द अर्धा राहिला तरी बेहत्तर, उरलेला खालच्या ओळीत. ऱ्हस्वदीर्घाचा प्रश्नच येत नाही: वेलांटी एकच, उकार एकच. हे ध्यानात ठेवा, पुढं लागणार आहे.

चारसहा ओळी उतरल्यावर तुम्हाला जरा धीर येतो. 'म'च्या शेपटीला तुम्ही एक झोकदार वळसा देता. बरा दिसतो. कारकुनाचा हात कागदावर येतो.

"हे वळण कुणाचं?"

"माझं."

"तुझं इथं काय आहे? पत्र महाराजांचं, बोल पंतांचे, कागद सरकारचा. तू फक्त हात. उद्या तुला ताप आला तर हेच पत्र तिसरा कुणी पुरं करील. सांधा दिसता कामा नये."

ही गोष्ट तुम्हाला खटकेल, कारण तुमच्या शाळेत 'हस्ताक्षर हा माणसाचा आरसा' म्हणून शिकवलंय. पन्हाळ्याच्या दफ्तरात आरसा चालत नाही. चांगलं अक्षर म्हणजे ज्यात लिहिणारा दिसत नाही ते. म्हणून वळणांना नावंही माणसांची कमी आणि घराण्यांची, हुद्द्यांची जास्त. पुढं पेशवाईत 'चिटणिशी वळण' म्हणून जे नावाजलं गेलं, ते कुणा एकाचं नव्हेच. पिढ्यान्‌पिढ्या कित्ते गिरवून घासून गुळगुळीत झालेलं आहे.

मग दरबारी लिहिण्यात कसब दाखवायचं कुठं? मायन्यात. पत्राच्या सुरुवातीला समोरच्याला काय म्हणायचं, यात सगळी दरबारी नजाकत साठलेली आहे. कुणाला 'राजमान्य राजश्री', कुणाला 'अखंडित लक्ष्मी अलंकृत', शास्त्रीबुवांना 'वेदमूर्ती', वडिलांना 'तीर्थरूप'. एक पायरी चुकली की पत्रातला मजकूर कितीही गोड असो, वाचणारा तिथंच बिनसतो. आणि १७१५ मध्ये माणसं बिनसणं परवडणारं नाही. साताऱ्याला शाहू महाराज, इथं संभाजी महाराज; छत्रपती दोन आणि सरदार तेच. बाळाजी विश्वनाथानं कान्होजी आंग्र्यांना बोलून बोलून साताऱ्याकडं वळवलं, त्याला फार दिवस झालेले नाहीत. उरलेल्यांना धरून ठेवायला पन्हाळ्याकडं फौजेपेक्षा कागद जास्त आहेत. मायना लिहिताना कारकून बोरू थांबवतो आणि पंतांच्या खोलीकडं एकदा बघून येतो, ते उगीच नाही.

पत्र संपतं तेही ठरलेल्या रीतीनं. बरोबरीच्या माणसाला 'बहुत काय लिहिणे', हाताखालच्याला 'जाणिजे'. मग ते एका हातातून दुसऱ्या हातात जातं, तपासलं जातं, मागं नोंदी पडतात. मजकूर लांबला असेल तर कागदाचे बंद एकाखाली एक चिकटवतात आणि सांध्यांवर पाठीमागून शिक्का मारतात, म्हणजे मधला बंद कुणी बदलू नये. शेवटच्या अक्षरापाशी मोर्तब, त्यापुढं कुणी एक शब्दही घुसडू नये म्हणून. आणि माथ्यावर मुद्रा.

मुद्रेकडं जरा नीट बघा. थोरल्या महाराजांनी, म्हणजे शिवरायांनी, घालून दिलेली तऱ्हा आहे ही: फारसी शिक्क्यांच्या जमान्यात अष्टकोनी शिक्का आणि त्यात संस्कृत अनुष्टुभ. म्हणजे या दरबारातून जाणाऱ्या रुक्षातल्या रुक्ष कागदाच्या, अगदी दोन बैलांच्या तंट्याच्या निवाड्याच्यासुद्धा, डोक्यावर एक श्लोक बसलेला असतो. मात्र तो राजानं लिहिलेला नाही. धातूत कोरलेला आहे, आणि दाबून उमटवायचा आहे.

इथं तुम्हाला एक लांब उडी मारायला लावतो. साल १०००च्या आसपास, जपानची राजधानी हेआन, म्हणजे आजचं क्योटो. तिथल्या उमरावाच्या घरात तुम्ही बसला आहात आणि दारात चिठ्ठी आलीय. एकतीस अक्षरमात्रांची कविता, ऋतूला साजेशा रंगाच्या कागदावर, फुललेल्या फांदीला बांधलेली. उत्तर आत्ताच्या आत्ता द्यायचं, कवितेतच, आणि स्वतःच्या हातानं. तुमचा कागद, तुमची शाई, तुमच्या कुंचल्याचा दाब, सगळं पलीकडं पारखलं जाणार. लग्न जमणं न जमणं त्यावर. सेई शोनागोनच्या 'माकुरा नो सोशी'त एक हकिकत आहे. फुजिवारा घराण्यातल्या एका बापानं मुलीला तीनच गोष्टी शिकायला सांगितल्या: आधी अक्षर, मग वाद्य, आणि मग 'कोकिनशू' या कवितासंग्रहाचे वीसच्या वीस खंड तोंडपाठ. पुढं ती राणी झाल्यावर मुराकामी बादशहानं पुस्तक उघडून तिची परीक्षा घेतली. एकाही ठिकाणी ती चुकली नाही. पन्हाळ्याच्या कारकुनाला ही गोष्ट सांगितलीत तर पाठांतराचं त्याला कौतुक वाटेल, पण राजा-राणीनं स्वतः बोरू घेऊन बसायचं म्हणजे काय, हे त्याला उमगणार नाही.

एक गोष्ट मात्र त्याला लगेच पटेल. हेआनमध्येही लिप्या दोन होत्या. सरकारदरबारी चिनी अक्षरं, ती पुरुषांची. आणि कविता, पत्रं, गोष्टी यांना 'काना' अक्षरं, ती 'बायकांचा हात' म्हणून ओळखली जायची. काना एका झोकात, अक्षरातून अक्षर काढत लिहितात, बरीचशी मोडीसारखी. 'कोकिनशू'च्या संपादकांपैकी एक असलेल्या की नो त्सुरायुकीला प्रवासाची रोजनिशी त्या अक्षरांत लिहावीशी वाटली, तेव्हा त्या गृहस्थानं बाई लिहितेय असा बहाणा केला. बघा, वाट कशी उलटी आहे: तिकडं झोकदार, जोडून लिहिलेली लिपी कवितेची. आपल्याकडं तीच तऱ्हा दफ्तराची.

कवितेची लिपी कुठली, ते पाहायला दफ्तराच्या खोलीतून बाहेर पडावं लागतं. समर्थांच्या दासबोधात एकोणिसाव्या दशकाचा पहिला समासच लेखनक्रियेवर आहे. रामदास म्हटलं की लोकांना उपदेश आठवतो. मला हा समास आठवतो, कारण इतकं बारकाईनं बोरूबद्दल बोलणारा संतकवी दुसरा सापडत नाही. बाळबोध अक्षर घोटून सुंदर करावं, तरुणपणी फार बारीक लिहू नये कारण म्हातारपणी तेच आपल्याला वाचता येत नाही, कडेनं चौफेर जागा सोडावी म्हणजे कागद झिजला तरी अक्षर झिजणार नाही. सुरी, कातरी, खळ, घोटायचं साहित्य, कशाकशाची यादी आहे. आणि पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत एकाच हाताचं, एकाच शाईचं वाटावं, असा आग्रह. जपानी उमरावाला शाई ओळीत गडद होत फिकी होत गेलेली आवडायची. त्यात त्याला श्वास दिसायचा. समर्थांना एकसारखेपणा हवा. तुमच्या शेजारचा कारकूनही म्हणूनच बोरू पुरता कोरडा पडायच्या आत दौतीत बुडवतो.

संध्याकाळी तुमच्या हाती एक मसुदा येतो, साफ नक्कल करायला. मोठा आहे. राजानं कसं वागावं, प्रधान कसे असावेत, साहुकार, वतनदार, इनामं, किल्ले, शेवटी आरमार. पुढं 'आज्ञापत्र' म्हणून छापलं जाईल ते हेच; त्यावरचा शक हाच, १६३७. तुम्ही नक्कल करता करता आरमाराच्या प्रकरणापाशी येता. जहाजांना लाकूड लागतं, पण रयतेच्या आंब्याफणसांना हात लावू नये, कारण ती झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, लोकांनी पोटच्या पोरांसारखी वाढवलेली असतात. बोरू इथं क्षणभर थांबतो तुमचा. फर्मानाच्या भाषेत, 'येणेप्रमाणे वर्तावे' अशा कोरड्या क्रियापदांच्या रांगेत, हे वाक्य बसलंय. मोडीत ते इतर वाक्यांसारखंच दिसतं. वेगळं वळण नाही, जाड अक्षर नाही. वाचणाऱ्यालाच अडखळावं लागतं.

पण पंतांना फार डोक्यावर घेऊ नका. याच गडावर, या दफ्तरापासून हाकेच्या अंतरावर, ताराबाई आपल्या मुलासह नजरकैदेत आहेत. गेल्याच वर्षी राजसबाईंनी डाव उलटवला, आणि त्यात अमात्यांचं अंग होतं असं म्हणतात. औरंगजेबाशी सात वर्षं झुंजलेली बाई कोंडून ठेवायची आणि शेजारच्या खोलीत राजनीतीचा ग्रंथ सिद्ध करायचा, दोन्ही एकाच शाईनं. ताराबाईंच्या काळातले कागद पुढं शिवाजी विद्यापीठाचे पहिले कुलगुरू आप्पासाहेब पवार संपादून छापतील, तेव्हा कोल्हापूरकरांना त्यांचा आवाज पुन्हा ऐकू येईल. तोही कुणा चिटणिसाच्या हातून.

अपवाद नाही असं नाही. या गादीवरच्या महाराजांचे चुलते, शंभूराजे, संस्कृतात 'बुधभूषण' रचून गेले. १६८० च्या एका दानपत्रावर त्यांची स्वतःच्या हातची ओळ आहे, आपलं नाव सांगून संमती देणारी. हेआनच्या उमरावाला आपला वाटावा असा राजपुरुष शोधायचा झाला तर तो हा. पण बाळाजी आवजी चिटणिसांची गोष्ट मराठी माणूस जास्त चवीनं सांगतो: शिवाजी महाराजांनी पत्र वाचायला सांगितलं, लिहिलं तर नव्हतं, आणि यांनी कोरा कागद हातात धरून अख्खं पत्र घडाघडा वाचून दाखवलं. खरी असो वा नसो, आपल्या दरबाराची आवड कुठं होती ते तिच्यात कळतं.

आता पस्तीस वर्षं पुढं या. गड तोच, महाराजही तेच, पन्नाशी ओलांडलेले. पंत कधीच गेले. वारणेच्या तहानं १७३१ मध्ये सातारा-कोल्हापूर वाटणी ठरून गेलीय, त्यामुळं दफ्तरातली जुनी धावपळ नाही. तुम्ही पाध्यांच्या ओसरीवर बसला आहात. केशव पाध्ये आणि गणेश पाध्ये इथं काव्य, व्याकरण, अलंकार शिकवतात. समोर विशीतला एक विद्यार्थी मांडी घालून बसलाय: मोरेश्वर रामाजी पराडकर, पुढचे मोरोपंत. याच गडावर १७२९ मध्ये जन्मलेला.

इथली सगळी सामग्री वेगळी आहे. कागद आडवा, सुटी पानं, लाकडी फळ्यांत धरलेली पोथी. अक्षर बाळबोध, एकेक सुटं, टपोरं. दंड आणि श्लोकांचे आकडे तांबड्या शाईनं. चूक झाली तर दफ्तरासारखी खाडाखोड नाही: पिवळी हरताळ कालवून त्या अक्षरावर फासायची, वाळली की वर नवं अक्षर. जवळून पाहिलंत तर पोथीच्या पानावर पिवळ्या टिकल्या दिसतात. शाई पुसता येते, हे दफ्तरात तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. तिथं पुसलेलं अक्षर म्हणजे बनावट कागद.

पोराची बोटं हलतायत. उजव्या हाताचा अंगठा पेरांवर सरकतोय: लघूला एक, गुरूला दोन. बारा मात्रा, थांबा, मग अठरा. पुन्हा बारा, पुन्हा अठरा. ही गीती, पुढं लोक तिला सरसकट मोरोपंतांची आर्या म्हणतील. बारा-अठराचा हा हिशेब त्याच्या अंगात असा भिनणार आहे की आयुष्यभरात पाऊण लाखाच्या घरात कविता होईल, एकशे आठ रामायणं रचली जातील. त्यातल्या एका रामायणात ओठ मिटावे लागणारं एकही अक्षर नाही. प, फ, ब, भ, म सगळे बाद. तुम्ही म्हणाल, हा काय खेळ? खेळच आहे, मलाही त्यातली सगळी रामायणं कविता म्हणून वाचवत नाहीत. पण 'म' नसलेलं रामायण! ज्याच्या नावातच तो 'म' आहे त्याची गोष्ट त्याचं नाव न घेता सांगायची. हेआनच्या कवींनी या हिकमतीला बसल्या जागी वाकून नमस्कार केला असता.

आता मघाचं आठवा. मोडीत वेलांटी एकच. 'दिन' आणि 'दीन' तिथं सारखेच लिहिले जातात. दफ्तराला त्याचं काही अडत नाही, कारण संदर्भ सगळं सांभाळून घेतो. पण मात्रांवर चालणाऱ्या कवितेचा तोल नेमका तिथंच असतो. आर्या मोडीत उतरवली की गाणारा अडखळतो: इथं एक धरू की दोन? राज्य चालवणाऱ्या लिपीला कवितेचा काटा कळत नव्हता, म्हणून कवितेनं आपलं बिऱ्हाड बाळबोधीत थाटलं. पन्हाळ्यावर दोन्ही हात एकाच घरात नांदायचे. सकाळी बाप सरकारी हिशेबाची मोडी ओढतोय, शेजारी मुलगा पोथीचं पान रेखतोय, दौत कदाचित एकच.

संध्याकाळी त्याच्यामागून पराशराच्या गुहेपर्यंत चालत जाता येतं. तिथं बसून मोरोपंत कविता करत, असं गडावरचे लोक आजही सांगतात. खडकात कोरलेल्या खोल्या, दमट, पावसाळ्यात आत पाणी. कागद घेऊन बसायला मला तरी ती जागा पटत नाही. पोट भरायला तर तिचा उपयोग त्याहून कमी, आणि पोटाचा प्रश्न पराडकरांना लवकरच पडला.

१७५२ च्या सुमारास हा मुलगा गड उतरून बारामतीला गेला तो कायमचा. तिथं बाबूजी नाईकांच्या वाड्यात पुराण सांगायचं काम मिळालं, आणि 'आर्याभारत', 'केकावली' सगळं पुढं तिकडंच झालं. १७९४ मध्ये देहही तिकडंच ठेवला. गडावर आज त्यांच्या नावाचं ग्रंथालय आहे, एवढंच. पन्हाळ्याच्या दरबारात चिटणीस, फडणीस, पोतनीस, सगळ्यांना आसामी होती, कवीला नव्हती. तुम्ही नक्कल केलेल्या त्या आज्ञापत्रातली प्रकरणं पुन्हा मोजून बघा. वतनदारांवर आहे, किल्ल्यांवर आहे, आरमारावर आहे. साहुकारांवर तर स्वतंत्र आहे, आणि त्यांना राज्याचं भूषण म्हणून मान दिलेला आहे. कवींवर नाही. बारामतीचे नाईक कोण होते म्हणाल, तर पेशव्यांचे सोयरे, आणि धंद्यानं साहुकार.